शून्यावरचा जप

सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. वेरूळला वेळेत पोहोचून अभिषेकाला जोडीनं बसायचं, नाहीतर उमाताईंचं व्रत अडकून राहणार. आणि गाडी नुसती टकटक करत होती.

"नवी बॅटरी, अन् रोज सकाळी मेलेली!" मधुसूदनराव चिडून बॉनेटमध्ये शिरले. त्यांनी बॅटरीची एक तार सोडवली आणि मध्ये छोटा बल्ब जोडला. बल्ब मिणमिणला. "बघ, गाडी बंद असून कुणीतरी करंट पितंय."

मग एकेक फ्यूज काढून बघणं सुरू झालं. टेपचा फ्यूज उपटला तसा बल्ब विझला.

"टेप! पण तो तर बंद आहे."

"बंद नाहीये," उमाताई हळूच म्हणाल्या. "आवाज शून्यावर आहे. पेनड्राइव्हवर शिवनाम चालू असतं. देवाचं नाव मधेच कसं तोडायचं?"

"अगं, पण किल्ली काढली की टेप आपोआप बंद पडतो!"

"पडायचा. पाण्याच्या टँकरच्या रांगेत बसून बातम्या ऐकायच्या म्हणून तुम्हीच त्याची तार थेट बॅटरीला जोडलीत ना?"

मधुसूदनराव हातातला फ्यूज पुसू लागले.

"आणि अहो, आत्ता फ्यूज काढून नाव तोडलंत की!"

त्यांनी घाईघाईनं फ्यूज परत बसवला, तारही जोडली.

दारासमोर हंड्यांची रांग लागली होती, पण टँकरला अजून अवकाश होता. रांगेतल्या साळूबाईंनी हंडा खाली ठेवला. "चला गं बायांनो, ढकला! लई पुण्य हाय यात. हंड्याची जागा कुणी सरकवायची नाय!"

गाडी धक्क्यानं सुरू झाली, ती थेट वेरूळला.

तिथं नवा पेच. इंजिन बंद करून टेप चालू ठेवला, तर परतीला धक्का मारायला साळूबाई कुठून आणायच्या?

"मी इंजिन चालू ठेवून बसतो गाडीत. तू जाऊन ये."

"जोडीनं बसायचं असतं हो."

उमाताईंनी क्षणभर विचार केला. आवाज वाढवला, टेपला हात जोडले, त्याच्या सुरात सूर मिळवला, "ॐ नमः शिवाय", आणि मगच बटण दाबून टेप बंद केला. नाम आता त्यांच्या तोंडी अखंड होतं.

अभिषेकाला गुरुजींनी विचारलं, "बाई, संकल्पाला नाव सांगा."

"ॐ नमः शिवाय."

"गोत्र?"

"ॐ नमः शिवाय."

गुरुजींनी प्रश्नार्थक नजरेनं मधुसूदनरावांकडं पाहिलं.

"उमा," ते म्हणाले. "गोत्र काश्यप. बाकीचं मलाच विचारा. ती सध्या टेपच्या ड्युटीवर आहे."