तुळशीच्या कुंडीतलं लॅव्हेंडर

मी एक जुनं लॅव्हेंडरचं झाड आहे. जुनं म्हणजे पाच वर्षांचं. पण बहरीनच्या उन्हात पाच वर्षं काढणं म्हणजे आमच्या जातीत सहस्रचंद्रदर्शनच. माहूजमधल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत मी उभा आहे. उभा कसला, कुंडीच्या काठाला टेकलो आहे. माझी एकच फांदी हिरवी उरली आहे. ती आहे तोवर, मित्रांनो, माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म बुदय्याकडच्या एका शेतावर झाला. शेत आतिकाबाईंचं. या खाऱ्या मातीत लॅव्हेंडर लावणार म्हटल्यावर त्यांचे सख्खे भाऊ हसले होते. बाईंनी हिरवी जाळी ताणली, वाळूत खडी मिसळली आणि कामाला गुहागरकडचा पांडुरंग ठेवला. त्याने माझ्या आईची एक काडी तोडली आणि वाळूत खोचली. तोच माझा जन्म. मी आईचा मुलगा की आईचाच तुकडा, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

शेतावर पाण्याची शिस्त कडक होती. पांडुरंग मातीत बोट घालून बघायचा. बोट कोरडं निघालं तरच झारी उचलायची. कोकणात वाढलेला माणूस तो, त्याला सुरुवातीला हा निव्वळ चिक्कूपणा वाटला. पण आम्ही तसेच आहोत. आम्हाला ऊन सोसतं, वारा सोसतो, उपास तर फारच मानवतो. ओले पाय मात्र सोसत नाहीत.

थंडीत आम्ही फुलायचो. सकाळी दव सुकलं की पांडुरंग तुरे कापायचा, जुड्या बांधून उलट्या टांगायचा. काहींचं तांब्याच्या भांड्यात वाफ देऊन तेल निघायचं, काही सुकून मलमलच्या पुरचुंड्यांत जायचे. कपड्यांच्या कपाटात ठेवायला, उशीखाली ठेवायला लोक त्या घेऊन जात. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून माणसं येत आणि माझ्या शेजारी बसून फोटो काढत. मला गर्व झाला होता, हे कबूल करतो.

आपल्याकडची गिऱ्हाइकं आली की पांडुरंग आमची ओळख करून द्यायचा, 'ही विलायती तुळस.' तसा तो खोटारडा नव्हे. बारीक पानं, वास, वर मंजिरीसारखे तुरे. नाव खपून जायचं आणि रोपही. मलाही ते आवडायचं. लॅव्हेंडर म्हटलं की लोकांना साबण आठवतो, तुळस म्हटलं की हात जोडले जातात. त्या नावाने माझा घात केला.

गेल्या मार्चमध्ये मयुरेश नावाचा एक गृहस्थ घाईघाईने शेतावर आला. इथल्या एका कंपनीत इंजिनियर. त्याच्या वडिलांची, दाजींची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागत होतं. त्याच्या आईने, मथुराकाकींनी, चिपळूणहून आणलेली तुळस आदल्या उन्हाळ्यात वाळली, आणि त्याच महिन्यात दाजींचं दुखणं उपटलं. काकींच्या मनाने या दोन गोष्टींची गाठ मारली ती मारलीच. दारात तुळस हवी, म्हणजे हे बरे होतील, असा त्यांनी धोशा लावला होता. पांडुरंगाने नेहमीच्या सवयीने मला पुढे केलं. मयुरेशचा फोन वाजत होता, डायलिसिसची वेळ होत आली होती. पाण्याचं सांगायचं राहून गेलं.

काकींनी माझं स्वागत केलं तसं कुणी नव्या सुनेचंही करत नसेल. जुन्या तुळशीच्या कुंडीत मला लावलं, कुंडीला हळदकुंकू वाहिलं. माझे तुरे सुकवून त्यांनी दाजींच्या उशीच्या अभ्र्यात घातले, आणि कित्येक आठवड्यांनी दाजींना सलग झोप लागली. त्या दिवशी काकी माझ्यासमोर हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी खरोखरच तुळस असतो तर किती बरं झालं असतं.

कारण अंघोळ झाली की काकी तांब्या घेऊन येत. रोज. भरलेला तांब्या, वर स्तोत्र. पहिल्या आठवड्यात मी सोसलं. मग माती वाळेनाशी झाली, खालची ताटली तुडुंब राहू लागली आणि माझ्या मुळांचा श्वास कोंडला. पानं पिवळी पडली. काकींना वाटलं, मला तहान लागली आहे. त्यांनी संध्याकाळचा तांब्या सुरू केला. मित्रांनो, बुडणारा माणूस ओरडू तरी शकतो. मी आणखी चार पानं गाळली, आणि काकींनी आणखी पाणी घातलं.

त्याच गॅलरीत, माझ्या शेजारच्या खुर्चीत दाजी बसत. त्यांनाही पाण्याचं पथ्य होतं. डायलिसिसच्या नुसरत सिस्टरने काकींना हिंदीत दोनदा समजावलं होतं: दिवसाला अर्धा लिटर, चहासकट, त्यावर थेंब नाही, बाहेर टाकायला वाट नाही, जास्तीचं पाणी छातीत साठेल. पण बाहेर ऊन रटरटत असे आणि दाजी लहान मुलासारखे काकुळतीला येत. "एक घोट दे गं. एका घोटाने काय होतंय?" काकी आत-बाहेर बघत आणि माझ्यासाठी आणलेल्या तांब्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतत. एक घोट, मग दोन. उरलेलं मला. आम्ही दोघं एकाच तांब्यावर होतो.

दाजींचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. वजन काट्यावर वाढत होतं आणि मयुरेश हैराण होऊन विचारत होता, "आई, एवढं वेट येतंय कुठून?" काकी खाली बघून म्हणत, देवाला ठाऊक. देवाला असेलच, मलाही ठाऊक होतं. पण मला जीभ नाही. एवढा असहाय मी शेतावरच्या भर ऑगस्टातही नव्हतो.

जूनमध्ये एका दुपारी दाजींना श्वास घेता येईना. त्यांना उचलून सलमानिया हॉस्पिटलात नेलं. काकी परत आल्या त्या एकट्या, आणि सरळ माझ्यापाशी. माझ्यात तेव्हा दोनच फांद्या जिवंत होत्या. त्यांनी तांब्यावर तांबे ओतले. पाणी कुंडीवरून वाहिलं, गॅलरीभर झालं.

"तू जग गं बाई," त्या म्हणाल्या. "तू जगलीस तर हे घरी येतील."

मी जगू कसा? त्यांचे हात थांबतील तर ना.

मयुरेशला आईची ही दशा बघवेना. त्याने शेतावर फोन लावला, आणि शुक्रवारी पांडुरंग बस पकडून आला. त्याने मला बघितलं, कुंडी आडवी केली, मुळांवरून हात फिरवला. मुळं काळी, लिबलिबीत. वास सहन होईना. त्याचा चेहरा उतरला.

"काकी, पानी किती घालता?"

"दोन तांबे. कधी तीन. कमी पडलं का रे?"

पांडुरंग खाली बसला. "तुळस नाय ही, काकी. मीच तसं बोलतो गिऱ्हाइकाला, माझी चूक झाली. आमच्या बाई पहिल्या दिवशी मला बोलल्या होत्या, 'ज्यादा माय, खलास.' माय म्हंजे पानी हो त्यांच्यात. मला आधी वाटलेलं, आईबद्दल काय बोलतायत."

"ज्यादा माय," काकी पुटपुटल्या. मग त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि भिंतीला धरून खाली बसल्या. मयुरेश धावत आला.

"मी ह्यांना पाणी देत होते," काकी म्हणाल्या. "रोज. ते मागायचे रे. मी मारलं असतं त्यांना."

 चप्पल पायात सरकवून मयुरेश डॉक्टरांना सांगायला गेला.

पांडुरंगाने माझी सडकी मुळं कापली, कोरड्या वाळूत मला बसवलं आणि खरं तेच सांगितलं: जगेल असं वाटत नाही, पण हात लावू नका.

अकरा दिवसांनी दाजी घरी आले, अर्धे होऊन. काल दुपारी ते शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. काकी नाही म्हणाल्या. दाजींनी पुन्हा मागितलं, हात जोडले, मग संतापले. म्हणाले, दारात आलेल्या कुत्र्यालाही लोक पाणी पाजतात. काकी रडत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. ओला कापूस त्यांनी दाजींच्या ओठांवरून फिरवला, तेवढाच.

मित्रांनो, ज्याला जपायचं आहे त्याला काय सोसतं, ते आधी विचारून घ्या. मला विचारून उपयोग नव्हता, पण पांडुरंगाला विचारता आलं असतं. आणि उत्तर कळल्यावर, तो समोर बसून मागत असला तरी, तेवढंच द्या. प्रेमाने ओतणं सोपं आहे. हात आवरणं फार कठीण; ते मी काल पाहिलं.

दाजी कालपासून काकींशी बोललेले नाहीत. पण ते आहेत. शेजारच्या खुर्चीत, रागावून बसलेले आहेत.