टेलरमास्तरांची पाठ आणि कोट

चाळीस वर्षं मशीनवर वाकून टेलरमास्तरांची पाठ अशी झाली होती, की घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांचं फक्त टक्कल यायचं. लग्नाला तीन महिने उरले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाच्या फोटोत तरी तुमचा चेहरा येऊ द्या ना."

लेकीनं एवढंसं मागावं आणि तेही आपल्याला जमू नये, याचं मास्तरांना फार वाईट वाटलं. बायकोनं कुठूनसा पाठीच्या व्यायामांचा कागद पैदा केला. मग रोज दुकान उघडताच मास्तर हात-गुडघे टेकून मांजर होऊ लागले. श्वास घेत पाठ खाली, सोडत वर.

"अहो, हळू! शर्यत लागलीय का?" इस्त्री करता करता बायको दटावायची.

एकदा एक गिऱ्हाईक भल्या सकाळी टपकलं. मास्तर म्हणाले, "सुई शोधतोय." बिचारा लगेच शेजारी ओणवा झाला. मास्तरांनी त्यालाही पाठ वर-खाली करायला लावली. "अशी लवकर सापडते," ते म्हणाले.

तीन महिन्यांत मास्तर खरंच सरळ झाले. बायकोला त्यांची हनुवटी नीट दिसली, आणि दाढी धड होत नाही हेही दिसलं.

लग्नाच्या सकाळी कोट चढवला आणि मास्तरांचं धाबं दणाणलं. लग्न ठरल्या ठरल्या त्यांनी तो स्वतःच शिवून ठेवला होता, वाकलेल्या पाठीच्या मापानं, मागे लांब आणि पुढे आखूड. आता तो पुढून पोटावर चढला होता आणि मागून गुडघ्यांकडे निघाला होता.

"जरा वाका बघू," बायको म्हणाली. मास्तर वाकले. कोट असा चपखल बसला की दोघंही हळहळली. सगळं गाव मास्तरांच्या हातचे कपडे घालून लग्नाला येणार होतं. आज हा कोट असा दिसला तर चाळीस वर्षांच्या नावाला बट्टा!

मास्तर हॉलमध्ये वाकूनच शिरले. फोटोवाल्यानं कॅमेरा रोखला. लेकीनं त्यांच्या टकलाकडे पाहिलं, आणि मान वळवली. ते काही मास्तरांना सोसेना. दीर्घ श्वास घेऊन ते ताठ उभे राहिले. कोट पुढून सर्रकन वर गेला. लेक त्यांना बिलगली.

"अहो, हा कोट शिवला तरी कोणी?" व्याह्यांनी विचारलं.

कॅमेऱ्यावरची नजर न हलवता मास्तर आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "रेडिमेड घेतला."