वर्गात दिलेलं उत्तर

बायको गेल्यापासून चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग हाच हार्लन व्हीन्स्ट्रांचा संसार होता. अमेरिकेतल्या निवडणुकीनंतरच्या रविवारी वर्गातल्या छोट्या लिडियानं विचारलं, "आजोबा, तुम्ही राष्ट्राध्यक्ष म्हणून कुणाला मत दिलंत?"

"तिसऱ्या पक्षाला, बाळ. मोठ्या पक्षांच्या त्या दोन उमेदवारांच्या नावावर खूण करायला मन धजेना."

दुपारी चर्चच्या कारभारी मंडळातले गॅरेट आले. "सगळं चर्च एका उमेदवारामागे उभं असताना तू मत मातीत घातलंस ते घातलंस, पण पोरांना कशाला सांगितलंस? गुप्त असतं म्हणायचं की."

"विचारलं, सांगितलं. बायबल शिकवताना लपवू कसा?"

"मग आता रिकाम्या खुर्च्यांना शिकव."

पुढच्या रविवारी लिडियाची आई तिचा हात धरून वर्गावरून पुढे निघून गेली. मागून एकही मूल आलं नाही. हार्लन तासभर तसेच बसून राहिले.