धागा आखूड कापलेली तांबी

मित्रांनो, माझ्याविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून माझी हकिगत मीच सांगते. मी एक जुनी तांबी आहे. इतक्यात मूल नको असेल तेव्हा बाईच्या गर्भपिशवीत बसवतात, ती. नाव तांबी, पण तांबं अंगावर तारेच्या वेटोळ्यापुरतंच. बाकी सगळी मी प्लास्टिकची. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणा हवं तर.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. पण प्रत्येकीला वेगळ्या पाकिटात बंद केलेलं, त्यामुळे शेजारणीशी दोन शब्द बोलायचीही सोय नव्हती. एकटेपणाची सवय मला तिथूनच लागली.

माझी बाई शिवणकाम करायची. मुलगी झाल्यावर ती दवाखान्यात आली. सिस्टरने मला बसवलं आणि माझे दोन धागे पिशवीच्या तोंडाबाहेर थोडे लांब ठेवले. मी जागेवर आहे की नाही हे बोटाने चाचपून कळावं, म्हणून ते असतात. पण बाईचा हात शिलाईचा. धागा लोंबता राहिला की तिला चैन पडत नसे.

"सिस्टर, टोचतात हो. अजून आखूड करा ना."

"फार आखूड केले तर हाताला लागणार नाहीत, ताई."

"नाही लागले तर नाही लागले. मला कुठे रोज बघायचंय?"

सिस्टरने कापले.

मग माझी नोकरी सुरू झाली. माझ्या तारेतून तांब्याचे अतिसूक्ष्म कण सुटत. शुक्रजंतू आत येत ते मोठ्या घाईने. पण त्या कणांनी त्यांच्या शेपटीतलं बळ जाई, आणि बीजापर्यंत पोचण्याआधीच ते गळून पडत. अस्तरातल्या पांढऱ्या पेशी तर पहारेकरणीच. मला परकी समजून त्या भोवती गोळा होत, आणि शुक्रजंतूंची वाट आणखीनच बिकट होई. इतका शेजार असून माझं कुणाशी जमलं नाही. जो येई तो मरे, जी राही ती संशयाने बघे. पाळीत रक्त जास्त गेलं की बाईही म्हणे, "ही मेली तांबी." एवढाच काय तो माझा उल्लेख.

वर्षं गेली. मुलगी शाळेत रमली आणि बाईला दुसरं मूल हवंसं वाटू लागलं. तिने धागा चाचपला, लागला नाही. लागणार कसा, तो केव्हाच वर सरकला होता.

"पडली असेल पाळीत," ती नवऱ्याला म्हणाली. "बरं झालं, दवाखान्याची फेरी वाचली."

मी होते तिथेच होते. मित्रांनो, ते दिवस आठवले की मला अजून वाईट वाटतं. ती दर महिन्याला वाट बघे आणि मी दर महिन्याला तिची आशा मोडत असे. तांब्याला थांबायचं कळत नाही, आणि ओरडून सांगावं तर मला तोंड नाही. तिची जाऊ म्हणाली, "तांबीनं पिशवी खराब केली असणार." त्या दिवशी बाई मशिनवर वाकून रडली. चाळिशी जवळ येत चालली होती.

शेवटी नवऱ्याने तिला सोनोग्राफीला नेलं.

"अहो, तांबी तर आतच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई हळूच म्हणाली, "आणि माझी पिशवी?"

"पिशवी छान आहे. तांबी निघाली की तिचा परिणामही जातो. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. आधी यायला हवं होतंत."

बारीक चिमट्याने त्यांनी मला बाहेर काढलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं. माझं तांबं काळवंडलं होतं. बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "तू तुझं काम केलंस गं. विचारायचं माझंच राहिलं."

आयुष्यात माझ्याशी कुणी बोललं ते हे पहिल्यांदाच.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. धागा हाताला लागला नाही, तर घरच्या घरी अंदाज बांधू नका, दवाखान्यात दाखवा. आमची मुदत संपली की आम्हाला काढायला सांगा. बसवताना आमची जेवढी आठवण ठेवता, तेवढीच नंतरही ठेवा.

आता मला कचऱ्याच्या डब्यात टाकतील. बाई चपला घालून निघाली आहे. इतकी वर्षं मी जिथे एकटी राहिले, ती जागा आता रिकामी आहे. तिथे कुणी राहायला आलं की नाही, हे मला कुणी सांगणार नाही. पण कुणीतरी यावं.