डोळ्यांची आखणी

डॉक्टर एका वेळी एकाच माणसाचा जीव वाचवतो. सार्वजनिक आरोग्य शिकलेला माणूस एका वेळी अख्ख्या गावाचा वाचवतो. मुंबईच्या कॉलेजात पहिल्याच तासाला हे वाक्य सांगितलं गेलं आणि मैनाने ते चौकटीत लिहून घेतलं. महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की वर्गातल्या बहुतेकांना एका वेळी एकाचाच जीव वाचवायचा होता. मार्क कमी पडले, म्हणून ती मंडळी अख्ख्या गावाकडे वळली होती. मैनाही त्यांतलीच.

पेणजवळच्या तिच्या गावी, जित्याला, तिच्या शिक्षणाची बातमी पोचली तेव्हा शेजारची धोंडुबाई चौकशीला आली.

"म्हंजी डॉक्टर व्हय गो?"

"नाय काकी. सार्वजनिक आरोग्य."

"सार्वजनिक? गणपतीसारखं?" धोंडुबाईने विचार केला. "मंग वर्गणी तुमीच काढायची का?"

मैना हसली. पुढे सरकारी कार्यक्रमांत काम करताना तिला कळलं, की काकीने नेमकं तेच विचारलं होतं जे विचारायला हवं.

गणपतीचा विषय धोंडुबाईच्या तोंडी येणं साहजिकच होतं. मैनाचा बाप गोविंदा पेणला पोपटशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. कारखान्यात माती मळणारे, साचे भरणारे, अंगाचा रंग मारणारे, दागिने सोनेरी करणारे असे पुष्कळ असतात. डोळे आखणारा एखादाच. त्याचा हात लागेपर्यंत ती मूर्ती असते. लागला की लोक चपला बाहेर काढू लागतात. पोपटशेठ बाकीच्यांना चहा पाठवीत, गोविंदाला, "आत्ता घेनार की हातातलं झाल्यावर?" असं विचारून पाठवीत. कारखान्यात मानपान म्हणतात तो एवढाच असतो, आणि तो सगळा गोविंदाकडे होता.

आखणीची त्याची एक पद्धत होती. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवायचा, टोक ओठांत धरून जिभेवर हलकेच फिरवायचं, आणि श्वास रोखून एका दमात पापणीची रेघ ओढायची. ब्रशला किती रंग आहे, किती पाणी आहे, ते जीभ सांगायची. संध्याकाळी घरी आला की ओठ काळेभोर. बायको शांती दारातच अडवायची, "आधी तोंड धू. शाई प्याल्यासारखा दिसतोस." तोंड धुण्याआधी गोविंदा खिशातला ब्रश काढून छोट्या मैनाच्या गालावर तीट लावायचा. देवाच्या डोळ्यातला रंग, मग दृष्ट कुठली लागतेय, असं त्याचं म्हणणं.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, विषय आपल्या मातीतला घ्या. मैनाने अक्षरशः मातीतलाच घेतला. रंगांत शिसं असतं, ते पोटात गेलं की नसांवर बसतं, हाताची ताकद घालवतं, हे तिने परीक्षेसाठी पाठ केलं होतं. सुट्टीत घरी आली आणि बापाचे काळे ओठ पाहिले. आजवर तिने ते ओठ हजारदा पाहिले होते. शिकल्यानंतर पहिल्यांदाच पाहिले.

कारखान्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि रंगांचीही तपासणी करायची असा तिचा बेत होता. पण रक्त काढायला एका समितीची परवानगी लागते, आणि ती समिती बसायला सगळ्यांना वेळ व्हावा लागतो. बाई म्हणाल्या, "रक्ताचं राहू दे. प्रश्नावली कर. रंगांचं पुढे कधी तरी." मग मैनाने प्रश्नावली केली. शिसं अपायकारक असतं हे आपणांस माहीत आहे का? सगळ्यांनी 'हो' म्हटलं. गोविंदाची पोरगी विचारतेय, तिला 'नाय' कसं म्हणायचं?

शेवटी जनजागृती होती. कारखान्यात, अर्ध्या रंगलेल्या मूर्तींच्या मधोमध, तिने एक मोठं चित्र टांगलं. गोविंदाचाच फोटो होता, ओठांत ब्रश धरलेला. त्यावर लाल फुली.

पोपटशेठ हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या बापाच्या जिभेवर माझा कारखाना चालतोय. ती आत घालायला लावू नका."

कान्हू म्हणून एक रंगारी होता, गोविंदाच्या हाताखालचा. तो मागून म्हणाला, "मैनाताई, रंग चाटून आमच्यात कोन मेलाय? माझा बाप दारूनं गेला. त्याचं चित्र लावा."

सगळे हसले. मैनाचा चेहरा उतरला. आणि नेमका तो गोविंदाने पाहिला. तो उठला, पाण्याची वाटी घेतली, ब्रश तिच्यात बुडवला आणि फडक्याला पुसला.

"माझी पोरगी मुंबैला जाऊन शिकलीय," तो म्हणाला. "ती बोलते तं मी नाय चाटनार. आजपासून बंद."

टाळ्या पडल्या. मैनाने वाटीसकट त्याचा फोटो काढला. तिच्या प्रबंधात 'वर्तनातील बदल' या मथळ्याखाली नोंदवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. बाईंनी तिथे स्वतःच्या हाताने 'फार छान' लिहिलं.

वाटीतल्या पाण्याला जिभेची अक्कल नव्हती. ब्रश एकदा ओला होई, एकदा कोरडा. रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी फाटलेली येऊ लागली. गोविंदाने फडकं बदललं, ब्रश बदलले, एकदा तर ब्रशाला टोक यावं म्हणून साबण लावून पाहिला. गणपती डोळे वटारून बघू लागले. मुंबईचं एक मंडळ मूर्ती न्यायला आलं, तेव्हा त्यांच्यातला एक जण बराच वेळ बघत राहून म्हणाला, "शेठ, बाप्पा आमच्यावर चिडलेत का?"

पोपटशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा दोनदा पाठवला आणि मग म्हणाले, "गोविंदा, औंदा जरा पीतांबर बघ."

पीतांबराचं काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मशीनने पिवळा रंग फवारायचा. त्याला हात लागतो, नजर लागत नाही. डोळे कान्हूकडे गेले. कान्हूने पहिल्याच दिवशी ब्रश ओठांत धरला आणि गणपती पुन्हा प्रेमळ झाले. गोविंदा तोंडाला पंचा बांधून पिवळा उडवू लागला. शेडमध्ये गरम झालं की पंचा सोडून ठेवायचा. तिकडे कुणी चित्र टांगलं नव्हतं. मैनाचं चित्र जिभेचं होतं. पोपटशेठचं 'औंदा' मात्र संपलं नाही. दर वर्षी नवं 'औंदा' निघत राहिलं.

मैनाला हे कळलं होतं. ती म्हणायची, "निदान तुझा जीव तरी वाचला, आबा." आबा 'व्हय' म्हणायचा. पूर्वी घरच्या गणपतीचे डोळे तो घरीच आखायचा. आता मूर्ती तयारच यायची. पाटावर ठेवली की तो एकदा तिच्या तोंडाकडे बघे, "बरं काढलंय कान्हूनं," एवढं म्हणे आणि आरास करायला पाठ फिरवी. त्या पाठीकडे पाहत मैना आरतीच्या वाती वळत बसे. आपण याला वाचवलं, असं ती स्वतःला सांगत असे. हे सांगावं लागतंय यातच काय ते होतं, पण सण होता.

तिच्या नोकरीचं सकीनाने पाहिलं. सकीना रोह्याची, तिची वर्गमैत्रीण, भाऊ कुवेतला, आणि जीभ फवाऱ्याच्या मशीनसारखी. आपल्या डिग्रीला नोकऱ्या आहेत की नाहीत, असं मैनाने एकदा कंटाळून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "हायेत की. सरकारात कंत्राट संपेपर्यंत, संस्थेत पैसा संपेपर्यंत, आन कंपनीत अपघात होईपर्यंत. तुला कुठली?" मैनाने पहिल्या दोन्ही करून पाहिल्या. मग सकीना स्वतः रोह्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागली आणि तिच्या ओळखीने मैना एका एजन्सीत. एजन्सीचं काम कंपन्यांतल्या कामगारांना आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं. मैना रोज जित्याहून गाडी धरायची, निडी स्टेशन गेलं की जेवणाचा डबा बंद करून पडद्यावर दाखवायची चित्रं चाळायची. चौथं चित्र गोविंदाचं होतं. ओठांत ब्रश, वर लाल फुली, खाली 'हे करू नका'. कामगार त्याला हमखास हसायचे. तो आपला बाप आहे असं तिने कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गोविंदाच्या पोटात कळा येऊ लागल्या. पेणच्या डॉक्टरने गॅस सांगितला. मग एक दिवस जेवताना हातातली भाकरी ताटात पडली. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता, वर होईना. दुसऱ्या डॉक्टरने मणक्याची गादी सांगितली. मैनाने ते मनगट पाहिलं आणि कुणाला न विचारता त्याचं रक्त तपासायला पाठवलं. या वेळी समिती लागली नाही.

रक्तात शिसं निघालं. भरपूर.

पहिल्या क्षणाला मैनाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. प्रबंध खरा ठरला होता. एवढ्या वर्षांनी का होईना, ती बरोबर होती. दुसऱ्या क्षणाला तिला स्वतःची इतकी किळस आली, की ती न्हाणीघरात जाऊन उगाच पाणी सोडून उभी राहिली. आणि तिथे, पाण्याच्या आवाजात, तिला परीक्षेतला एक दोन मार्कांचा प्रश्न आठवला. रक्तातलं शिसं ताजं असतं. जुनं हाडांत जाऊन बसतं. उत्तर तिचं बरोबर आलं होतं. आणि गोविंदाने चाटणं सोडून तर वर्षं झाली होती.

तिला वाटलं, आबा चोरून चाटत असेल. त्याला विचारलं नाही. कान्हूला मात्र ओढत नेऊन त्याचं रक्त तपासून घेतलं. तो तर रोज राजरोस चाटत होता. कान्हूच्या रक्तात काही निघालं नाही.

तेव्हा तिने काळ्या आणि पिवळ्या रंगाच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि रोह्याला सकीनाच्या टेबलावर ठेवल्या. तीन दिवसांनी सकीनाचा फोन आला.

"काळ्यात काय नाय."

"परत बघ."

"दोनदा बघितलं. पिवळ्याचं इचार ना."

सकीनाची जीभ पहिल्यांदाच जड झाली. "मैने, पिवळा असा झळझळीत कशानं होतो, ते परीक्षेच्या आदल्या दिवशी तूच मला पाठ करून दिलेलंस गो."

संध्याकाळी गोविंदा ओटीवर बसला होता. शांती त्याच्या मनगटाला तेल चोळत होती. मैना पायरीवर बसली.

"आबा, उद्यापासून कारखान्यात जायचं नाय. पिवळ्यात शिसं हाय."

"आन काळा?"

"काळ्यात काय नव्हतं."

तेलाचा हात थांबला. गोविंदा तिच्याकडे वळला.

"म्हंजी मी चाटला असता तं चाललं असतं?"

"हो."

"मंग तू तवा बोललीस ते?"

"मला वाटलं होतं तसं."

तो रागावेल याची तिने तयारी केली होती. तो रागावला नाही. त्याचा चेहरा उजळला, आणि ते जास्त वाईट होतं.

"मंग डोळे काढाया हरकत नाय ना आता? शांते, ब्रश कुठं हाय माझा?"

ब्रश देव्हाऱ्याच्या फळीवर होता. शांतीने तो आणून दिला, सोबत मैनाने परत आणलेली काळ्याची बाटलीही. गोविंदाने टोक बुडवलं, ओठांत धरलं, जिभेवर फिरवलं. डोळे मिटले. इतक्या वर्षांनी त्याला हवं तसं टोक आलं असावं. मग त्याने लोंबता उजवा हात डाव्या हाताने खालून उचलून धरला, श्वास रोखला आणि ओटीच्या फरशीवर पापणीची रेघ ओढली.

रेघ अर्ध्यातून खाली गेली आणि फरशीच्या फटीत संपली.

मैना त्या रेघेकडे बघत राहिली. "बरं काढलंय," ती म्हणाली.

गोविंदाने मान हलवली आणि अंगठ्याने ती पुसून टाकली. शांती फडकं आणायला आत गेली. मैनाने ब्रश धुवायला घेतला. पाणी काळं झालं, मग करडं, मग स्वच्छ.

मूर्तीच्या डोळ्यांचा काळा रंग काजळीचा असतो, आणि काजळी म्हणजे नुसता कार्बन, शिसं नव्हे. हे तिला सातवीत शिकवलं होतं.