मोमेना पडली नव्हती

मी एक विळी. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यापासून, घणाचे घाव सोसत जन्मले. घर काही नशिबी आलं नाही. ढाक्याबाहेरच्या एका पुनर्वसन केंद्रातल्या स्वयंपाकघरात मला आणलं. हात अधू झालेल्या बायका इथे पुन्हा मासळी चिरायला शिकतात, आणि रुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवण्याचा, म्हणजे व्यवसायोपचाराचा अभ्यास करणारी मुलं त्यांच्याकडून शिकतात.

या मुलांच्या शिक्षिका शिरीन आपा उत्तरं सांगत नाहीत. एका रुग्णाचा कागद पुढ्यात टाकतात अन् विचारतात, "आता तुम्ही काय कराल?"

त्या दिवशी कागद मोमेनाचा होता. 'विळीवर पडून उजवा हात कापला, बोटं उचलत नाहीत.' हे सांगितलं होतं तिच्या नवऱ्यानं, कुद्दूसनं. फारदीन नावाच्या विद्यार्थ्यानं झटपट योजना मांडली. महिनाभर विळीचा सराव, मग घरी.

मोमेनाला माझ्यासमोर बसवलं. मला पाहताच ती भडाभडा ओकली.

"होईल हो सवय, भाबी," फारदीन म्हणाला.

त्याच्याच वर्गातली तानजिला मात्र स्वतःचाच हात डोक्यावर धरून बघत होती. "आपा, पडणारा माणूस तळहात टेकतो. हिचा घाव हाताच्या मागच्या बाजूला आहे. हिनं वारापासून मान वाचवायला हात वर केला होता."

फारदीनचा चेहरा उतरला.

"मग घरी पाठवायची योजना कुणाच्या सोयीची?" आपांनी विचारलं.

तेवढ्यात कुद्दूसच दारात आला. "पुरे झाले लाड! चल." त्यानं तिचा तोच हात पिरगाळला. जखम उकलली, रक्त माझ्या पात्यावर उडालं.

मोमेनानं डाव्या हातानं मला उचललं. कानापासून हनुवटीपर्यंत मी त्याचा गाल चिरत गेले. माशापेक्षा माणूस मऊ असतो. दुसरा वार गळ्यावर येणार, तोच तानजिला मध्ये पडली. मी तिच्या तळव्यात रुतले.

"भाबी, नको! तुम्ही सांगा, मी लिहिते."

"मी पडले नव्हते!" मोमेना किंचाळली. "यानं मारलं! लिही!"

रक्ताळल्या बोटांनी तानजिलानं लिहिलं. पुढे त्याच कागदाच्या आधारावर कुद्दूस तुरुंगात गेला. मोमेनाची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. ती आता खुलन्याला बहिणीकडे असते, रोपवाटिकेत काम करते.

मी कुलपात आहे. शिकवण्यापुरती बाहेर येते. मुलांनो, एवढं ऐका. माझ्यासमोर एखादीला बसवण्याआधी तिला विचारा, काय झालं होतं. आणि विचारताना नवऱ्याला बाहेर बसवा.