नाव घातलेले डबे

अजयने फ्रीजरमधून आणखी एक स्टीलचा डबा काढला, कडेवर कोरलेलं नाव वाचलं, झाकण उघडून आत पाहिलं आणि डबा फरशीवर आधीच्या डब्यांशेजारी ठेवला. मग खिशातून मोबाईल काढून त्याने सगळ्यांचा मिळून फोटो घेतला. गेल्या खेपेलाही त्याने असाच फोटो घेतला होता. तेव्हा ईडाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"बाई, हे डबे कुणाचे?"

"शेजाऱ्यांचे."

"सगळे?"

"सगळे. त्यांचा श्रावण चालू आहे ना."

अजय 'बरं' म्हणाला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला. कुडाळच्या सर्व्हिस सेंटरचा हा मेकॅनिक श्रावणाच्या सुरुवातीला येऊन गॅस भरून गेला होता. आता कॉम्प्रेसरच बसला, असं त्याचं म्हणणं होतं. फ्रीज घेऊन अजून वर्षही झालं नव्हतं. बसलेल्या कॉम्प्रेसरबद्दल लिहायला एवढा वेळ का लागावा, हे काही ईडाला कळेना.

ईडा फर्नांडिस ही मासेवालीने हातात दिलेल्या प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघणारी बाई. गॅसवाल्याला ती सिलिंडर तोलून दाखवायला लावी आणि चर्चच्या फेस्ताच्या वर्गणीची पावती दोनदा वाची. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली, पण दुसऱ्याने घातलेली शिलाई उलटून बघायची सवय काही गेली नव्हती. असल्या बाईने जुना फ्रीज मोडल्यावर एवढा महागाचा नवा फ्रीज कसालच्या दुकानातून डोळे झाकून घेतला, तो केवळ शेजारच्या राधाबाईच्या शब्दावर. राधाबाईचा भाचा समर्थ त्या दुकानात सेल्समन होता. घरचाच मुलगा, फसवणार कशाला, असं राधाबाई म्हणाली होती.

डब्यांचं म्हणाल तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आषाढ संपत आला की वाडीतली घरं आपापले फ्रीज पुसून काढत. त्यात आता देवाचं दूध, लोणी राहायचं. मासळी चालायची नाही. उरलेली मासळी टाकणार कोण? फर्नांडिसांच्या घरी श्रावण नसतो. तेव्हा डबे ईडाकडे यायचे आणि गणपती पोचवून झाले की परत जायचे. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नावं घातलेली असतातच, त्यामुळे कुणाचा डबा कुणाकडे जायची भीती नव्हती. ईडा त्याचे पैसे घेत नसे आणि कुणी देऊही करत नसे.

कंपनीचं उत्तर गणपतीनंतर आलं. फ्रीजचा व्यावसायिक वापर झाल्याने वॉरंटी लागू होत नाही. आतमध्ये वेगवेगळ्या नावांचे मासळीचे डबे आढळले, आणि आसपास चौकशी करता या फ्रीजमधून वाडीतल्या घरांना मासळी जाते असंही समजलं.

पहिल्या वाक्याने ईडाला संताप आला. शेवटच्या वाक्याने तिची झोप उडाली. आसपास म्हणजे कोण?

तिचा नवरा प्लासिद आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी होता आणि आता त्याला मधुमेह होता. त्याने उत्तर वाचून घडी घातली आणि जाऊ दे म्हणाला. त्याचं इन्सुलिन सध्या राधाबाईच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी राहत होतं. सकाळ-संध्याकाळ ईडा ते आणायला जायची. जाऊ दे म्हणणं त्याला सोपं होतं, पायऱ्या तिला उतराव्या लागत होत्या.

मडगावहून मुलीने, ब्रेंडाने, फोनवर सगळं नीट समजावलं. ओरोसला ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकीलच पाहिजे असं नाही. धंदा केला असं कंपनी म्हणते ना, मग ते कंपनीने सिद्ध करायचं. आपण फक्त शेजाऱ्यांना खरं सांगायला लावायचं. ब्रेंडाला हे फार सोपं वाटत होतं, कारण ती मडगावला राहत होती.

इथे वाडीत पलीकडच्या घरची नम्रता नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. बाकीच्यांनी कोर्टाची पायरी नको म्हणून हात जोडले. राहिली राधाबाई. फ्रीजरमधला सगळ्यांत मोठा डबा तिच्याच घरचा, तिच्या नवऱ्याच्या, बाबलीच्या, नावाचा.

"बगूया गो," राधाबाई म्हणाली.

वाडीत 'बगूया' म्हटलं की ते काम होत नाही, हे ईडाला पुरेपूर ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिला राधाबाईच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी दिसू लागलं. समर्थ मावशीकडे जेवायला आला, तर तो ईडाच्या घरावरून न जाता मागच्या वाटेने गेला. का? राधाबाई अंगणात फोनवर बोलत होती, ईडाला बघून आत गेली. का? दुकानाला फ्रीज बदलून द्यावा लागू नये म्हणून मावशी-भाच्याने मिळून हे केलं, असं एकदा मनात आलं आणि मग ते तिथून हलेना.

आणि त्याच्याही खाली आणखी एक शंका होती. ती ईडा प्लासिदजवळसुद्धा बोलत नव्हती, कारण ती शंका ज्यावरून येत होती, त्यात त्या दोघांचाही हात होता.

बाबली गावच्या देवळाचा मानकरी. श्रावणात माझ्या उंबऱ्याच्या आत मासा येत नाही, हे तो चारचौघांत सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. उंबऱ्याच्या आत येत नसे. दुपारी जेवणं झाली की तो पेपर वाचायला म्हणून प्लासिदकडे यायचा. ईडा त्याच्याच डब्यातले सुरमईचे तुकडे तव्यावर टाकायची, प्लासिद खिडकीत उभा राहून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे नजर ठेवायचा आणि गावचा मानकरी स्वयंपाकघरात पाटावर बसून बोटं चाटायचा. कितीतरी श्रावण हे चालू होतं. पहिल्यांदा तिघांनाही त्याची गंमत वाटली होती. मग सवय झाली.

राधाबाईला हे कळलं असेल तर? तर तिने शोधून काढलेली ही शिक्षा मोठी बेतशीर होती. उपास मोडला नवऱ्याने आणि फ्रीज गेला ईडाचा. ईडाला वाटलं, तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. हा विचार तिला अजिबात आवडला नाही.

एका सकाळी इन्सुलिन घेताना तिने विचारून टाकलं.

"समर्थाक तू काय सांगलंस गो?"

"कसला?"

"फ्रिजाचा. कोणीतरी सांगल्याशिवाय कंपनीक कळला काय?"

राधाबाईने दुधाचं पातेलं बाजूला सरकवून इन्सुलिनची डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"तुका माझोच संशय इलो?"

ईडा डबीवरची तारीख वाचत राहिली. राधाबाईने फ्रीजचं दार लावलं. त्यानंतर डबी रोज मिळत राहिली, पण दोघींमधलं बोलणं संपलं.

काजूला मोहोर आला तेव्हा ओरोसची तारीख लागली. त्या सकाळी ईडा आणि प्लासिद एसटीच्या थांब्यावर पोचली, तर राधाबाई ठेवणीतलं पातळ नेसून आधीच उभी होती. शेजारी बाबली, धुतलेल्या सदऱ्यात, घाबराघुबरा. बायकोला एकटीला कोर्टात कशी पाठवू, असं तो प्लासिदला म्हणाला, पण बायको तिथे काय बोलते हे ऐकल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं हे उघड होतं. राधाबाई ईडाशी बोलली नाही. एसटीत ती पुढच्या सीटवर बसली. ती आपल्या बाजूने आली आहे की कंपनीच्या, याचा अंदाज ईडा ओरोस येईपर्यंत तिच्या अंबाड्याकडे बघत बांधत राहिली.

आयोगाच्या खोलीत अध्यक्षबाई मध्ये बसल्या होत्या. डबे ज्यांचे त्यांपैकी कुणी आलं आहे का, असं त्यांनी विचारताच राधाबाई आपणहून पुढे जाऊन उभी राहिली. कंपनीचा वकील तरुण होता आणि फार गोड बोलत होता. ईडाचा त्याच्यावर लगेच अविश्वास बसला. त्याने दोन्ही फोटो पुढे ठेवले. कंपनीला चौकशीत कुणी माहिती दिली, असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने कागद चाळले.

"मेकॅनिकला फाटकावर एक गृहस्थ भेटले होते. आख्खी वाडी या फ्रीजवर जगते, असं ते म्हणाले. नाव बाबली. बाहेर हजेरी घेताना कळलं, ते आज इथे बसले आहेत."

सगळ्यांनी मागे बघितलं. बाबलीने छताकडे बघितलं. तो कौतुकाने बोलला होता, हे ईडाला क्षणात कळलं. फाटकावर कुणीही भेटलं की शेजाऱ्यांची तारीफ करायची त्याची खोडच होती. एवढे महिने जिच्यावर संशय घेतला ती समोर पाठमोरी उभी होती, आणि ईडाला स्वतःची मनापासून लाज वाटली.

अध्यक्षबाईंनी राधाबाईला विचारलं, डबा तुमचा का? हो, असं ती स्वच्छ म्हणाली. पैसे कधी दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत. मग वकील उठला.

"श्रावणात तुमच्या घरी मासे खात नाहीत?"

"नाही."

"पहिल्या फोटोत तुमचा डबा काठोकाठ भरलेला आहे. दुसऱ्या फोटोत अर्धाही नाही. दोन्ही वेळा श्रावणच होता. तुम्ही खात नाही, तर त्यातले मासे गेले कुठे? विकले गेले, असंच म्हणावं लागेल ना?"

 मागे बाबलीच्या खुर्चीचा पाय करकरला. प्लासिदने खाली बघितलं. खरं बोललं तर फ्रीज मिळत होता आणि राधाबाईच्या देखत बाबलीचं वाडीभर हसं होत होतं. ईडाने ते सगळं एकदा मनात तोलून पाहिलं आणि ती उभी राहिली.

"मासे मी खाल्ले, मॅडम. त्यांना न विचारता. चोरून."

तक्रार करणारीनेच चोरी कबूल केली म्हणून वकिलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"बस गो ईडा," राधाबाई मागे न बघता म्हणाली. मग इतका वेळ सांभाळून बोललेलं तिचं शुद्ध मराठी सुटलं. "ती खोटा बोलता, बाईनू. मासे माझो घोव खाता. दर श्रावणात जाता आणि खाता. ही ताका तळून देता, आणि हिचो घोव खिडकेत रवान राखण करता."



"तुम्हाला हे माहीत होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माका म्हायत नसता, तर सुरमयेचे तुकडे करून, मीठ-मसालो लावन डबो भरून दिलंय असतंय कित्याक? नुसती ठेवूक दिलेली मासळी कोण मसालो लावन देता?" तिने पदर सारखा केला. "ताका उपास झेपणत नाय. मानकरी, म्हणान घरात खावक गावना नाय. हिच्याकडे पोटभर खाता, म्हणान मी कधी बोललंय नाय. आज बोलूक लागला."

ईडाच्या डोळ्यांपुढे ते तुकडे आले. मसाला लावलेले, एकावर एक नीट रचलेले. माशाचे कल्ले उघडून बघणाऱ्या बाईने हे तुकडे कितीदा हातात धरले होते आणि तव्यावर टाकले होते.

टाइप करणाऱ्या मुलीने हात थांबवून विचारलं, मॅडम, हे सगळं लिहायचं का?

"लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्या बोलल्या तसंच लिहा."

वकिलाला आणखी काही विचारायचं नव्हतं. राधाबाई वळली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बाबलीने तिच्यासाठी पाय आखडून वाट करून दिली. ईडा मात्र अजून उभीच होती.